व्यापारी इमारतींतील सांडपाणी वाहिन्यांची स्वच्छता व देखभाल : नागपूर शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कोणत्याही इमारतीचे मूल्यमापन करताना तिची दर्शनी बाजू, वाहनतळ, लिफ्ट, विद्युत व्यवस्था इत्यादी बाबींचा विचार केला जातो. जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची वाहिनी मात्र ती तुंबेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. वस्तुतः इमारतीच्या आरोग्याचा पाया याच वाहिनीवर उभा असतो. सिंधू संस्कृतीतील मोहेंजोदडो येथील विटांच्या झाकलेल्या गटारांमध्ये गाळ साठण्यासाठी खड्डे आणि उघडता येणारी झाकणे आढळतात. साफसफाईची सोय ही रचनेचाच भाग असली पाहिजे, हा विचार सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या नगररचनाकारांना मान्य होता, असे यावरून दिसून येते. आधुनिक काळात विदर्भाच्याच मातीत जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन स्वच्छतेच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. असे असूनही आजच्या व्यापारी संकुलांत हा विषय दुर्लक्षित राहिला आहे आणि त्याची किंमत अनेकदा सफाई करणाऱ्या कामगाराला आपल्या प्राणांनी चुकवावी लागते.

प्रस्तुत लेखात व्यापारी इमारतींतील सांडपाणी व्यवस्थेची रचना, ती तुंबण्याची कारणे, साफसफाईच्या पद्धती, त्यांतील धोके, कायदेशीर जबाबदारी आणि नियमित देखभालीची योजना यांचे विवेचन नागपूर शहराच्या संदर्भात केले आहे. महाविद्यालयाची इमारत व्यापारी नसली तरी तिचे उपाहारगृह, वसतिगृह आणि प्रयोगशाळा यांमुळे हे विवेचन तिलाही तितकेच लागू पडते.

नागपूर शहराची पार्श्वभूमी

ज्या नाग नदीवरून शहराला नाव मिळाले, असे मानले जाते, तीच नदी आज शहराच्या सांडपाण्याची प्रमुख वाहक झाली आहे. नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या स्वच्छतेचे काम महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी हाती घेत असते. नागपुरात १८६४ मध्ये नगरपालिका आणि १९५१ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या क्षेत्रातील देशातील अग्रगण्य संस्थाही याच शहरात आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', या नावाने ओळखली जाते. शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथील केंद्रात शुद्ध केले जाते आणि त्यातील मोठा वाटा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविला जातो. यास्तव सीताबर्डीच्या एखाद्या दुकानाच्या मोरीत ओतलेले तेल अथवा आम्ल ही केवळ त्या दुकानापुरती बाब राहत नाही.

नागपूरचे हवामान आणि भूरचना यांचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. येथे वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. शहराच्या पुष्कळ भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीमुळे जमिनीतील जुन्या चिनी मातीच्या नळांचे सांधे निखळतात आणि त्यांतून माती व झाडांची मुळे आत शिरतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांसह सीताबर्डी परिसरात पाणी शिरले. या पुरात जीवितहानीही झाली. या पुराचे कारण इमारतींच्या वाहिन्या हे नव्हते. परंतु नदी आणि सार्वजनिक गटारे भरून वाहू लागली की इमारतीचे सांडपाणी बाहेर पडू शकत नाही व उलट दिशेने येऊन सर्वांत खालच्या मजल्यावरील मोरीतून वर उफाळते. तळघरात दुकाने, गोदामे आणि विजेची मीटरे असणाऱ्या संकुलांना हा धोका सर्वाधिक असतो.

सांडपाणी व्यवस्थेची रचना

नागपुरात बोलीभाषेत जिला 'गडर लाइन' म्हटले जाते ती इमारतीपासून सार्वजनिक वाहिनीपर्यंतच्या प्रवासातील केवळ शेवटची कडी आहे. तत्पूर्वी पुढील घटक असतात.

१) ट्रॅप : प्रत्येक बेसिन, शौचपात्र व मोरीखाली वाकडा नळ असतो आणि त्यात सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहते. या पाण्याच्या पडद्यामुळे गटारातील वायू खोलीत येत नाही. मोरीतील ट्रॅपला देशभरातील बांधकाम व्यवसायात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या 'न्हाणी' शब्दाची ती खूण होय.

२) उभे नळ व वायुवीजन नळ : वरच्या मजल्यांवरील सांडपाणी उभ्या नळांतून खाली येते. गच्चीच्या वर उघडा ठेवलेला वायुवीजन नळ हवेचा दाब समतोल राखतो. तो बंद झाल्यास वेगाने खाली येणारे पाणी ट्रॅपमधील पाणी ओढून घेते आणि दुर्गंधी पसरते.

३) गली ट्रॅप व चेंबर : तळमजल्याबाहेर स्नानगृह व स्वयंपाकघराचे पाणी गली ट्रॅपमध्ये येते आणि तेथून तपासणी चेंबरमध्ये जाते. वाहिनीची दिशा, उतार अथवा व्यास जेथे बदलतो आणि जेथे दोन वाहिन्या मिळतात, तेथे चेंबर असणे आवश्यक असते. सरळ वाहिनीवरही दोन चेंबरमधील अंतर ३० मीटरपेक्षा अधिक नसावे.

४) उतार : वाहिनीने स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवावे, हे तिच्या रचनेमागील मूळ तत्त्व होय. त्यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर असावा लागतो. व्यवहारात १०० मिलिमीटर व्यासाच्या नळास ४० मीटरला एक मीटर आणि १५० मिलिमीटरच्या नळास ६० मीटरला एक मीटर उतार देण्याचा जुना ठोकताळा प्रचलित आहे. म्हणजेच १५० मिलिमीटरची वाहिनी ३० मीटर लांब असल्यास तिची दोन टोके उंचीत अर्धा मीटर भिन्न असली पाहिजेत. उतार कमी असल्यास घन पदार्थ तळाशी बसतात. अशी वाहिनी कितीही वेळा साफ केली तरी पुनःपुन्हा तुंबते. तिचा उपाय सफाई हा नसून दुरुस्ती हा आहे.

वाहिन्या तुंबण्याची कारणे

अ) तेल व चरबी : व्यापारी इमारतीतील वाहिनी तुंबण्याचे हे प्रमुख कारण होय. सावजी भोजनालयातील तर्रीदार रस्सा असो वा सकाळच्या तर्री-पोह्याची गाडी असो, भांडी घासताना गरम पाण्याबरोबर वाहणारे तेल नळात थंड होते आणि भिंतीला थरावर थर चिकटत जातात. पाण्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा साबणासारखा कठीण पदार्थ बनतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ मध्ये अशाच चरबीचा व ओल्या रुमालांचा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. यावरचा उपाय साधा आहे. भांडी धुण्यापूर्वी उरलेले तेल व खरकटे पुसून घेणे आणि स्वयंपाकघराच्या वाहिनीवर ग्रीस ट्रॅप बसविणे. या पेटीत पाणी संथ होते, तेल वर तरंगते आणि खालचे तुलनेने स्वच्छ पाणी पुढे जाते. मात्र पेटीतील तेल नियमितपणे काढले नाही तर ती असून नसल्यासारखीच ठरते.

आ) न विरघळणाऱ्या वस्तू : सॅनिटरी पॅड, ओले रुमाल, गुटख्याच्या पुड्या, चहाचा चोथा आणि चिंध्या यांमुळे नळ अडतात. नागपुरात यात कूलरच्या गवताची भर पडते. उन्हाळ्यात कार्यालयांतील कूलर धुताना त्यांच्या जाळ्यांमधील लाकडी गवताचे तंतू मोरीत जातात आणि नळातील प्रत्येक खडबडीत सांध्यावर अडकून बसतात.

इ) बांधकामाचा राडा : व्यापारी संकुलात दुकाने वारंवार हस्तांतरित होतात व प्रत्येक नवा भाडेकरू फरशी बदलतो. त्या वेळी मोरीत सोडलेले सिमेंटचे पाणी नळातच घट्ट होते.

ई) पावसाचे पाणी : गच्चीचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयासाठी दरडोई दररोज ४५ लिटर पाणी गृहीत धरले आहे. त्यानुसार २०० कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातून दिवसभरात फार तर ९,००० लिटर सांडपाणी निघेल. याउलट ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास २५,००० लिटर पाणी जमा होते. जी वाहिनी दिवसाला ९,००० लिटरसाठी आहे, तिच्यात तासाभरात त्याच्या अडीच पटींहून अधिक पाणी सोडल्यास ती उलटी वाहणार, हे उघड आहे.

साफसफाईच्या पद्धती

साफसफाईपूर्वी अडथळा नेमका कोठे आहे याचे निदान करणे आवश्यक असते. त्यासाठी सर्व चेंबरची झाकणे क्रमाने उघडून बाहेरूनच निरीक्षण करावे. वरचे चेंबर भरलेले आणि खालचे रिकामे असल्यास अडथळा त्या दोहोंच्या मध्ये असतो. शेवटचे चेंबरही भरलेले असल्यास दोष सार्वजनिक वाहिनीकडे असण्याची शक्यता असते व महानगरपालिकेकडे तक्रार नोंदवावी लागते. सर्व चेंबर रिकामी असतील तर अडथळा इमारतीच्या आतील नळात आहे, असे समजावे. या साध्या निरीक्षणाने पुष्कळसा अनावश्यक खर्च टळतो.

लहान अडथळ्यासाठी रबरी दट्ट्या आणि बांबूच्या कामट्या अथवा लवचीक सळया वापरल्या जातात. केस व चिंध्यांसाठी फिरत्या तारेचे यंत्र उपयुक्त ठरते. तेल व गाळाचे थर काढण्यासाठी उच्च दाबाच्या पाण्याची जेटिंग पद्धती सर्वांत परिणामकारक आहे. जेटिंगची नळी सामान्यतः खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडतात. तिच्या तोंडाशी मागच्या बाजूस असलेल्या छिद्रांतून सुटणारे पाणी नळीला पुढे ढकलते आणि सुटलेला गाळ खालच्या चेंबरकडे आणते. तेथून तो शोषण यंत्राच्या टँकरने उचलला जातो. वाहिनी वारंवार तुंबत असल्यास साफसफाईनंतर कॅमेरा आत सोडून फुटलेला नळ, निखळलेला सांधा अथवा मुळे यांचा शोध घेता येतो.

रासायनिक द्रव्यांच्या वापराबाबत मात्र सावधगिरी हवी. कॉस्टिक सोड्यामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने पीव्हीसीचे नळ मऊ पडतात. आम्लामुळे सिमेंटचे सांधे व ओतीव लोखंड झिजते. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. गटारातील काळ्या गाळात सल्फाइड असल्याने त्यावर आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड मुक्त होतो. द्रव्य ओतणारी व्यक्ती निघून जाते. थोड्या वेळाने ट्रॅप उघडणाऱ्या सफाई कामगाराला मात्र त्यात काय मिसळले आहे, याची कल्पनाही नसते.

विषारी वायू आणि मनुष्यहानी

बंद चेंबर, सांडपाण्याची विहीर आणि सेप्टिक टाकी यांत प्राणवायूविना कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे सर्वज्ञात आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, दहा लाख भागांत सुमारे १०० भाग इतक्या प्रमाणानंतर हा वायू घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असा समज होतो. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. प्रमाण याच्या कित्येक पटींनी वाढल्यास काही श्वासांतच माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो व गाळ ढवळताच एकदम बाहेर पडतो. त्यामुळे उतरण्यापूर्वी हवा ठीक असली तरी काम सुरू झाल्यावर ती तशी राहीलच, याची खात्री देता येत नाही.

पेटता दिवा अथवा काडी आत सोडून पाहण्याची जुनी रीत निरुपयोगी व घातक आहे. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असल्यास स्फोट होऊ शकतो आणि दिवा जळत राहिला तरी विषारी वायू नाही, असे सिद्ध होत नाही. अशा दुर्घटनांचे स्वरूप बहुधा सारखेच असते. पहिला कामगार कोसळतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि त्यामागून तिसरा. म्हणून एकाच टाकीत दोघातिघांचा बळी गेल्याच्या बातम्या वाचावयास मिळतात. अशा प्रसंगी कोणीही आत न उतरता अग्निशमन दलास पाचारण करणे हाच योग्य मार्ग होय.

कायदेशीर जबाबदारी

हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा आणि त्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा केंद्रीय कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ७ नुसार कोणत्याही व्यक्तीला, स्थानिक प्राधिकरणाला अथवा संस्थेला गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस नेमता येत नाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कारावास अथवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा कलम ९ मध्ये सांगितली आहे. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द येथे निर्णायक आहे. 'काम ठेकेदाराला दिले होते' एवढे म्हटल्याने इमारतीच्या व्यवस्थापनाची सुटका होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ही रक्कम तीस लाख रुपये करण्यात आली आणि कायमस्वरूपी अपंगत्वासाठी किमान वीस लाख रुपये निश्चित झाले. महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून मुंबईतील गोवंडी येथील घटनेचा उल्लेख करता येईल. डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टाकीत तीन कामगारांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत व ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. खासगी जागेतील मृत्यूही या कायद्याच्या कक्षेत येतो, हे यावरून स्पष्ट होते.

व्यापारी संकुलात गाळ्यांचे मालक अनेक असतात. 'माझा गाळा पहिल्या मजल्यावर आहे, खालच्या चेंबरशी माझा संबंध नाही' असा युक्तिवाद सभांमधून ऐकू येतो. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० अन्वये नोंदलेल्या इमारतीत सामाईक सोयींचा खर्च सर्व मालकांनी आपापल्या हिश्श्यानुसार सोसावयाचा असतो आणि सोयीचा वापर सोडून देऊन कोणालाही या दायित्वातून मुक्त होता येत नाही. देखभालीसाठी निधी नसला की तक्रार आल्यावर मिळेल तो मजूर बोलावला जातो आणि यंत्राचे भाडे वाचविण्यासाठी त्यालाच चेंबरमध्ये उतरविले जाते. दुर्घटनेचे मूळ असे हिशेबाच्या वहीत असते.

नियमित देखभालीची योजना

तुंबल्यावर सफाई करण्याऐवजी तुंबू नये म्हणून देखभाल करणे सर्व दृष्टींनी हितावह ठरते. त्यासाठी पुढीलप्रमाणे वेळापत्रक सुचविता येईल.

दररोज : मोऱ्यांवरील जाळ्या साफ करणे, उपाहारगृहातील खरकटे व तेल वेगळे काढणे.

दर आठवड्याला : ग्रीस ट्रॅपमधील तेलाचा थर काढणे, वापरात नसलेल्या मोऱ्यांत पाणी ओतणे. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद खोल्यांमधील ट्रॅपचे पाणी लवकर आटते. दुर्गंधी येऊ लागली की वाहिनी तुंबल्याचा समज होतो. प्रत्यक्षात तेथे केवळ तांब्याभर पाण्याची गरज असते.

दर तिमाहीला : सर्व चेंबर उघडून बाहेरून तपासणी, तुटलेली झाकणे बदलणे, वायुवीजन नळाच्या तोंडावरील जाळी पाहणे, उपाहारगृहाच्या वाहिनीचे जेटिंग.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत : संपूर्ण वाहिनीचे जेटिंग, गच्चीवरील पन्हाळी साफ करणे, पावसाचे पाणी सांडपाण्यात जात नाही ना, याची तपासणी, तळघरातील पंप व उलटप्रवाह रोखणाऱ्या झडपेची चाचणी, सेप्टिक टाकी असल्यास ती यंत्राने उपसणे.

या सर्वांची नोंदवही ठेवावी आणि वाहिन्यांचा नकाशा दर्शनी भागी लावावा. ठेकेदाराशी केलेल्या करारात यंत्राने सफाई, कोणासही आत न उतरविण्याची अट, कामगारांचा विमा आणि काढलेल्या गाळाची अधिकृत ठिकाणी विल्हेवाट यांचा स्पष्ट उल्लेख असावा. 'तक्रारीमागे इतके रुपये' या पद्धतीत ठेकेदाराचा कल शक्य तितक्या लवकर व स्वस्तात काम उरकण्याकडे असतो. त्याऐवजी वेळापत्रकानुसार वार्षिक मोबदला दिल्यास वाहिनी वाहती ठेवण्यातच त्याचे हित राहते.

महाविद्यालयांची भूमिका

इमारत संहितेतील दरडोई ४५ लिटरचे प्रमाण दिवसाच्या शिक्षणसंस्थांनाही लागू आहे. दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयातून यानुसार दिवसाला ९०,००० लिटरपर्यंत सांडपाणी निघू शकते. रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील आम्ले उदासीन केल्याशिवाय मोरीत न सोडणे, विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहांत झाकणाच्या कचरापेट्या ठेवणे, उपाहारगृहाच्या करारात ग्रीस ट्रॅपची अट घालणे आणि उन्हाळी सुट्टीत ट्रॅपमध्ये पाणी ओतण्याची व्यवस्था करणे या गोष्टी फारशा खर्चाविना शक्य आहेत. भूगोल व पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून परिसरातील वाहिन्यांचा नकाशा तयार करून घेतल्यास तो एक उत्तम अभ्यासप्रकल्पही ठरेल.

निष्कर्ष

१) व्यापारी इमारतींतील वाहिन्या तुंबण्याची बहुतेक कारणे मोरीच्या तोंडाशीच रोखता येण्याजोगी आहेत.

२) नागपूरचा पाऊस, उन्हाळा आणि काळी माती यांमुळे पावसाळ्यापूर्वीची तपासणी येथे अनिवार्य ठरते.

३) जेटिंग व शोषण यंत्रे उपलब्ध असल्याने नेहमीच्या सफाईसाठी माणसाला चेंबरमध्ये अथवा टाकीत उतरविण्याचे कोणतेही समर्थन उरलेले नाही, कायद्यानेही तो गुन्हा आहे.

४) काम ठेकेदाराकडे सोपविता येते, जबाबदारी सोपविता येत नाही. ती इमारतीचे मालक, व्यवस्थापन आणि संस्थाप्रमुख यांच्याकडेच राहते.

सांडपाणी वाहिनीची देखभाल हा वरवर पाहता तांत्रिक विषय वाटतो. परंतु चेंबरचे झाकण उघडल्यावर आत यंत्राची नळी सोडली जाते की माणूस, हा निर्णय तंत्रज्ञ घेत नाही. तो वर्षाच्या आरंभी अंदाजपत्रकाच्या सभेत घेतला जातो आणि तेथे बसणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो.